तळाला भोक असलेली वाटी

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत घराची डागडुजी निघाली, की माळा रिकामा करावाच लागतो. मग समया, हंडे, अडकित्ते यांच्या ढिगातून एखादे वेळी तांब्याची पातळ, अर्धगोल वाटी हाती येते. तिच्या तळाशी मधोमध बारीकसे छिद्र असते. घरातील तरुण मंडळी तिला फुटकी समजून मोडीत घालावयास निघतात. कोणी तांबटाकडून भोक बुजवून घ्यावे म्हणतो. परिणाम दोहोंचा एकच. कारण ते छिद्र हाच त्या वस्तूचा प्राण होय.

अशी वाटी दिसताच प्रथम अभिषेकपात्राची शंका येते. परंतु अभिषेकपात्रास टांगण्यासाठी बहुधा कड्या असतात, नाही तर खाली तिवई असते. काठ साधा असेल, तर परीक्षा पाण्याची. घंगाळात स्वच्छ पाणी घेऊन वाटी अलगद सोडावी. छिद्रातून पाणी हळूहळू आत चढते आणि वाटी भरताच बुडते. तोवर सुमारे २४ मिनिटे झाली असतील, तर ते घटिकापात्र समजावे.

असे तांब्याचे पात्र अहोरात्रात ६० वेळा बुडावे, असे सूर्यसिद्धान्तात सांगितले आहे. बाबरानेही आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील या कालमापनाची व त्यावरून तास वाजविणाऱ्या घडियालींची नोंद केली आहे. लग्नघरी मुहूर्त साधण्याकरिता जोशीबुवा हेच पात्र पाण्यावर ठेवीत.

जुन्या तांब्यावर कळंक चढला, तर छिद्र आकसते व पात्र उशिरा बुडते. तरीही तेथे टाचणी घालू नये. छिद्र रुंदावले, की माप कायमचे बिघडले.

पुण्याच्या दि. गं. केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तू जन्मभर जमविल्या आणि १९७५ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनास दिला. प्रत्येक घराला संग्रहालय उभारणे शक्य नाही. परंतु हे पात्र कोणाच्या लग्नात पाण्यावर ठेविले होते, हे घरातील आजीला विचारून एका चिठ्ठीवर लिहून ठेवणे सर्वांना शक्य आहे. वस्तू आणखी शंभर वर्षे टिकेल. ती ओळखणारे माणूस तितके थांबणार नाही.

‘घटकाभर बसा’ असे आपण पाहुण्याला आजही म्हणतो. ती घटका मोजणारी वाटी मात्र माळ्यावर धूळ खात पडली आहे.