झाडू कुणाच्या हातात?

मी गोदीत हमाली करतो. खोक्यांतून यंत्रं येतात. पाठ आपली, चावी दुसऱ्याची.

२००२ साली पाबळच्या विज्ञान आश्रमात फॅब लॅब सुरू झाली. फॅब लॅब म्हणजे सामायिक कार्यशाळा. तिथली यंत्रं कुणा एका मालकासाठी नसतात. फॅब लॅबच्या सनदेत वापरणाऱ्यावर तीन जबाबदाऱ्या आहेत : कुणाला इजा होऊ न देणं, साफसफाई-देखभाल करणं, शिकलेलं लिहून ठेवणं अन् दुसऱ्याला शिकवणं.

दुसरीशी मी थबकलो. ह्या देशात ज्याच्या हाती यंत्र, त्याच्या हाती झाडू नसतो. झाडूची जात ठरलेली.

म्हणून अशा जागेत घुसा. सभासद व्हा. यंत्र आधी शिका, मग हात लावा. अन् पहिल्याच दिवशी बघा, झाडू कुणाच्या हातात आहे. रोज आपल्याच पोराच्या असेल, तर तिथंच बोला.

जयभीम!