‘ऐच्छिक’ या शब्दाचे वजन



अमेरिकेतील सरकारी शाळा आणि धर्म यांच्यासंबंधीचे खटले हा माझा आजचा विषय. मी वकील नव्हे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत फार झाले. तरीही हा विषय मी मागून घेतला. कारण हे खटले पुन्हा पुन्हा एका शब्दापाशी येऊन थांबतात आणि त्या शब्दाची आम्हां कामगारांना जुनी ओळख आहे. तो शब्द म्हणजे ‘ऐच्छिक’.

कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना लागते. सूचनाफलकावर लिहिलेले असते की, कोणावरही सक्ती नाही. मग एकेकाला केबिनमध्ये बोलावतात. शेजारच्या दोघांनी सही केली असे सांगतात. पुढच्या महिन्यात खाते बंद होणार, अशी कुजबुज तेवढ्यात कानी येते. माणूस सही करतो आणि कागदोपत्री ती त्याची इच्छा ठरते! एकाच्या हाती भाकरी आणि दुसऱ्याच्या हाती नुसते पेन असले, म्हणजे ‘ऐच्छिक’ या शब्दाचे वजन दोघांना सारखे राहत नाही.

आता केबिनच्या जागी शाळेचा वर्ग आणि कामगाराच्या जागी दहा वर्षांचे पोर ठेवून पाहा.

अमेरिकेच्या घटनेची पहिली दुरुस्ती १७९१ सालची. सरकारने कोणत्याही धर्माची प्रस्थापना करू नये आणि कोणाच्या धर्माचरणात आडकाठीही आणू नये, असे ती सांगते. तरीही १९४० साली इलिनॉय राज्यातील शँपेन या गावी सरकारी शाळांत, शाळेच्याच वेळात धर्मशिक्षणाचे वर्ग सुरू झाले. प्रॉटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू अशा निरनिराळ्या वर्गांची सोय होती. पालकांची लेखी संमती घेतली जाई. ज्याला नको असेल, त्याने आपला वर्ग सोडून त्याच इमारतीत दुसरीकडे जाऊन बसावे. व्हॅश्टी मॅकॉलम या बाईंचा मुलगा असा बाहेर राहू लागला. बाई कोर्टात गेल्या, राज्यातल्या न्यायालयांत हरल्या आणि १९४८ साली सर्वोच्च न्यायालयात आठ विरुद्ध एक मतांनी जिंकल्या. न्यायालयाचे म्हणणे साधे होते. मुलांना शाळेत आणून बसवते ती सरकारची सक्ती आणि इमारतही करदात्यांच्या पैशाची. ही यंत्रणा धर्मपंथांच्या वर्गांना मुले पुरवण्यासाठी वापरता येणार नाही. शाळेच्या आवाराबाहेर, पालकांच्या विनंतीवरून असे शिक्षण घ्यायला जाण्यास याच न्यायालयाने १९५२ साली मोकळीक दिली.

दुसरा खटला न्यूयॉर्क राज्यातला. तेथील शिक्षणाधिकाऱ्यांनी अवघ्या बावीस शब्दांची एक प्रार्थना तयार केली. ती कोणत्याही एका पंथाची नाही आणि ज्याला म्हणायची नसेल त्याने गप्प राहावे किंवा वर्गाबाहेर जावे, असे तिचे समर्थन होते. न्यू हाइड पार्क येथील काही पालकांनी हरकत घेतली आणि १९६२ साली ती प्रार्थना घटनाबाह्य ठरली. निकाल लिहिला न्या. ह्यूगो ब्लॅक यांनी. हेच ब्लॅक सिनेटर असताना आठवड्याला तीस तास कामाच्या विधेयकासाठी झटले होते. त्यांनी लिहिले, त्याचा आशय असा की, सक्ती झाली हे दाखवण्याचीही येथे गरज नाही. सरकारचे बळ एका श्रद्धेच्या पाठीशी उभे राहिले की अल्पसंख्यांवर आडून दाब येतोच.

यावर कोणी विचारील, “हा नास्तिकांचा हट्ट नव्हे काय? ज्या मुलांना प्रार्थना म्हणायची आहे, त्यांना का अडवता?” तेव्हा न्या. स्ट्यूअर्ट यांनी आपल्या विरोधी मतात असेच विचारले होते आणि प्रश्न वाजवी आहे. पण त्या निकालाने कोणत्याही मुलाला प्रार्थना करण्याची बंदी केली नाही. बंदी झाली ती सरकारने प्रार्थना रचून ती शाळेत म्हणवून घेण्याला. आणि नास्तिकांचे म्हणाल, तर १८४४ साली फिलाडेल्फियात शाळेत कोणते बायबल वाचावे यावरून पेटलेल्या वादातून दंगली झाल्या. त्यांत माणसे मेली आणि कॅथलिकांची चर्चे जळाली. दोन्हीकडचे लोक ख्रिस्तीच होते!

हा प्रश्न अजून मिटलेला नाही. वॉशिंग्टन राज्यातील ब्रेमर्टन येथे शाळेच्या फुटबॉल संघाचा एक प्रशिक्षक सामना संपल्यावर मैदानाच्या मध्यभागी गुडघे टेकून प्रार्थना करी. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती त्याची खासगी प्रार्थना मानली आणि सक्ती सिद्ध होत नाही असे म्हटले. प्रशिक्षकालाही श्रद्धा असते आणि तिला संरक्षण हवे, हे मला मान्य आहे. परंतु त्याच खटल्याच्या कागदांत एका बापाची तक्रार आहे. त्याच्या मुलाची देवावर श्रद्धा नव्हती, तरी तो प्रार्थनेत सामील होई. न झाल्यास खेळायला कमी मिळेल अशी त्याला धास्ती होती. संघात कोण उतरणार हे ज्याच्या हाती, त्याला निराळे ‘ये’ म्हणावे लागत नाही. हे न्यायमूर्तींच्या बहुमताला दिसले नाही. मुकादमाच्या हाताखाली राबलेल्या कोणालाही ते दिसेल.

आपल्याकडेही ही गोष्ट परकी नाही. केरळातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत. पण आपल्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढले. १९८६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. त्या निकालात अमेरिकेतील १९४३ च्या ध्वजवंदनाच्या खटल्याचा विचार केलेला आहे. आपल्या घटनेचे अठ्ठाविसावे कलम तर स्पष्टच आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण नाही आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत संमतीखेरीज कोणालाही त्यात बसवायचे नाही. मूल अज्ञान असेल, तर ती संमती पालकाची.

पुन्हा ‘संमती’ आलीच! म्हणून माझे मागणे एवढेच आहे. आपल्या मुलाच्या शाळेतून असा संमतीचा कागद घरी आला, तर सही करण्यापूर्वी एक चौकशी करा : जे पोर ‘नाही’ म्हणेल, ते त्या अर्ध्या तासात कोठे बसणार आणि बाई दुसऱ्या दिवशी त्याच्याशी कशा बोलणार? आपले मूल बहुसंख्यांत असेल, तर ही चौकशी अधिक अगत्याने करा. कारण नाही म्हणणाऱ्या पोराच्या बापाला ती एकट्याने करावी लागते; आणि एकट्याच्या अर्जाचे काय होते, हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे.