भवानीनगरच्या ठाण्यासमोरचं नाटक



बक्षीस वाटप आणि गाणी-नाटकं यांच्यामधला अडथळा म्हणजे प्रमुख पाहुणा, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे ‘आजची पिढी’ या विषयावर मी तुमचा वेळ घेणार नाही. तुमच्याच वयाच्या, याच मातीतल्या काही मुलामुलींबद्दल सांगतो आणि खाली बसतो.

साल १९४३. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एक नवरा आपल्या बायकोला बदडतोय. ती किंचाळतेय. त्यानं भला मोठा धोंडा उचललाय. इथंच हिचं डोकं ठेचतो, म्हणतोय. तिचा भाऊ हातापाया पडून त्याला आवरतोय. हा गोंगाट ऐकून ठाण्यातले पोलीस बाईला वाचवायला बाहेर धावले, आणि तेवढ्यात तुफान सेनेच्या, म्हणजे भूमिगत क्रांतिकारकांच्या दलाच्या, माणसांनी ठाण्यातल्या बंदुका आणि काडतुसं लांबवली. नवरा खोटा होता, भाऊ खोटा होता. मार तेवढा खरा होता! ती मुलगी म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक हौसाबाई. वय वर्षं सतरा. नव्वदी ओलांडल्यावरही हा प्रसंग सांगताना, इतकं जोरात मारायची काय गरज होती, ही त्यांची तक्रार कायम होती.

आता त्या पोलिसांचा विचार करा. बाई मरतेय म्हटल्यावर ते धावले. मी त्यांना खलनायक म्हणणार नाही. आणि इथंच आपल्याकडच्या लढ्याची खरी गोची आहे.

ती कळायला जरा लांबचं उदाहरण घेऊ. डेन्मार्कमध्ये ऑलबोर्ग नावाचं शहर आहे. ९ एप्रिल १९४० ला जर्मन फौजा त्या देशात घुसल्या आणि काही तासांत सरकारनं हात टेकले. मोठी माणसं गप्प बसली, तेव्हा तिथल्या शाळकरी पोरांनी चर्चिलच्या नावानं एक गुप्त क्लब काढला. जर्मनांच्या बंदुका चोरल्या, मालडबे पेटवले. मे १९४२ मध्ये ती पोरं पकडली गेली. त्यांचा म्होरक्या क्नुड पेडरसन अजून विशीतही पोचला नव्हता. पण त्यांना शत्रू कोण ते डोळ्यांना दिसत होतं: परकी भाषा, परका गणवेश. आपल्याकडे १८४८ सालीच सातारचं राज्य खालसा झालेलं. चार पिढ्या गेल्या होत्या. मामलेदार आपला, तलाठी आपला, काठी घेऊन उभा असलेला शिपाई शेजारच्या गावचा. राज्य परकं आणि त्याचे हात मात्र घरचे. अशा सत्तेविरुद्ध उभं राहणं मला तरी जास्त अवघड वाटतं.

तरीही बेचाळीसच्या ‘चले जाव’ चळवळीत, सप्टेंबरात, आपल्या तालुक्यांच्या गावी मोर्चे निघाले. ३ तारखेला तासगावच्या कचेरीवर तिरंगा लागला आणि गोळी सुटली नाही. ९ तारखेला वडूजला मात्र परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती धरून नऊ जण पडले. त्याच दिवशी तिकडे नंदुरबारला पंधरा वर्षांचा शिरीषकुमार गेला. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला. मोर्चांनी भागत नाही, असं ठरवून पोरं भूमिगत झाली आणि त्यातून प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांच्या राज्याला समांतर असं लोकांचं सरकार, उभं राहिलं. नाना पाटील चाळिशीतले, बाकी सगळी तरणी पोरं. जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी दोघेही विशीतले. इंदुताई पाटणकर घरातून बाहेर पडल्या तेव्हा अवघ्या सोळा वर्षांच्या. गांधीजींचं आत्मचरित्र सोबत होतं. आपल्या सांगलीच्या गणेशदुर्गातला तुरुंग २४ जुलै १९४३ ला फोडून वसंतदादा बाहेर पडले, तेही पंचविशीचेच. त्या दिवशी अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव परत आले नाहीत.

यातला पिस्तुलाचा भाग तुम्हाला आवडतो, हे समोरच्या चेहऱ्यांवर दिसतंय. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ लुटलेली रेल्वेगाडी, तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, कुंडलची पोरं, आवडणारच. पण लढा रोज चालला तो दुसऱ्याच कामांवर. निरोप पोचवायचा. रात्री कुणी दार ठोठावलं तर भाकरी वाढायची आणि सकाळी, कोण आलं होतं, या प्रश्नाला कुणीच नाही म्हणायचं. हौसाताई पोर्तुगीजांच्या गोव्यात गेल्या आणि तुरुंगातल्या सोबत्याला बहीण म्हणून भेटल्या. सुटकेचा बेत लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या अंबाड्यात होती. परतताना, पोहता येत नसताना, एका लाकडी खोक्यावर पालथं पडून त्यांनी रात्री मांडवी ओलांडली.

त्यांना यासाठी घर उधळून द्यावं लागलं नाही. ते आधीच गेलं होतं. वडील भूमिगत झाल्यावर येडेमच्छिंद्रचं घर आणि जमीन सरकारनं जप्त केली. काम द्यायला, बोलायलासुद्धा लोक घाबरत. शूर गावात भित्री माणसंही असतात, हे पाठ्यपुस्तकात नसतं म्हणून सांगितलं. प्रतिसरकारच्या शिक्षाही कठोर होत्या. त्यांबद्दल तुम्ही प्रश्न विचारलेत तर मला आनंदच होईल. नुसता जयजयकार करणाऱ्याला इतिहास कळलेला नसतो.

हौसाताई २०२१ साली गेल्या आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन भाऊही गेले. माणसं चालली, आणि नोंद आधीच तोकडी. स्वातंत्र्यसैनिकांच्या सरकारी यादीत नाव लागायला तुरुंगवासाचा, भूमिगत असल्याचा, असा काही पुरावा लागे. भाकरी वाढणारी तुरुंगात गेलीच नाही, तर तिचा पुरावा कोण देणार?

म्हणून माझं एक मागणं आहे. मे महिन्यात तुम्ही वाळव्याला, पलूसला, खटावला, आपापल्या आजोळी जाल. तिथल्या सगळ्यात थकलेल्या आजीजवळ बसा. तिच्या आईनं, सासूनं बेचाळीस साली कुणाला जेवू घातलं, कुणाला कणगीमागं लपवलं, ते विचारा आणि जसं सांगितलं तसं, त्याच बोलीत, वहीत उतरवून घ्या. खाली गावाचं नाव आणि तारीख घाला. जूनमध्ये शाळा उघडली की त्या वह्या ग्रंथालयात जमा करा. मुख्याध्यापकांनी त्यांच्यासाठी एक कपाट रिकामं करून द्यावं, ही विनंती मी सगळ्यांसमोर करून ठेवतो.