गवताळ धारेवरचा एक दिवस

आल्प्स पर्वताचें नांव निघालें कीं मनापुढें प्रथम उभें राहतें तें बर्फाचें दृश्य. हातांत कुऱ्हाड, कमरेला दोर, पायांखालीं हिमनदी आणि पुढें वाटाड्या, असें तें ठरीव चित्र असतें. तें खोटें नाहीं; पण अपुरें आहे. स्वित्झर्लंडमध्यें अशी एक डोंगरधार आहे कीं जिच्यावर भर उन्हाळ्यांत बर्फ नसतो, दोराचा फारसा उपयोग होत नाहीं, आणि पायांखालीं बहुतेक ठिकाणीं असतें तें केवळ गवत. तरीसुद्धां, कड्याकपाऱ्यांची संवय असलेले लोकही जेथून सुखरूप उतरल्यावर मोकळा श्वास घेतात, अशा वाटांत तिची गणना होते. हार्डरग्राट हें तिचें नांव. जर्मन भाषेंत ‘ग्राट’ म्हणजे डोंगराची धार.

बर्न प्रांतांतील इंटरलाकेन हें गांव दोन तलावांच्या मधोमध वसलेलें आहे. पश्चिमेस थूनचा तलाव आणि पूर्वेस ब्रिएंझचा. दोन तलावांमधील जागा, हाच त्या गांवाच्या नांवाचा अर्थ. ब्रिएंझच्या तलावाच्या उत्तर कांठावर भिंतीसारखी उभी असलेली जी डोंगरांची रांग, तिचा माथा म्हणजेच ही धार. गांवाच्या डोक्यावरील हार्डर कुल्म येथून ती सुरू होते आणि ब्रिएंझर रोटहॉर्न या शिखराशीं आपल्या सर्वोच्च बिंदूस पोंचते. तलावाचें पाणी समुद्रसपाटीपासून ५६४ मीटर उंचीवर आहे, तर शिखराची उंची २,३५० मीटर. म्हणजे पाण्यापासून माथ्यापर्यंतचा उठाव १,७८६ मीटरांचा झाला. महाराष्ट्रांतील सर्वोच्च शिखर कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या भिंतीच्या उंचीची कल्पना येईल.

हार्डर कुल्मपासून रोटहॉर्नपर्यंतचें अंतर सुमारें चोवीस किलोमीटरांचें आहे. आंकडा ऐकून कोणी म्हणेल, एवढें तर सपाटीवर सहज चालवतें. परंतु या धारेवर सपाटी अशी नाहींच. एक शिखर चढावें, लगेच खिंडींत उतरावें, आणि गमावलेली उंची पुन्हां मिळवावी, असा क्रम दिवसभर चालतो. इंटरलाकेनहून पायींच निघालें तर अशा सर्व चढांची बेरीज ३,००० मीटरांच्या घरांत जाते. दहा-बारा तास चालण्याची तयारी असल्याखेरीज कोणी या वाटेस लागूं नये. १८६३ मध्यें स्थापन झालेल्या स्विस आल्पाइन क्लबनें डोंगरवाटांच्या सहा प्रती ठरविल्या आहेत. पहिली प्रत कोणासही झेपणारी. सहावी अत्यंत बिकट. या धारेचा मधला भाग पांचव्या प्रतींत मोडतो.

हार्डर कुल्मपर्यंत १९०८ पासून दोरानें ओढली जाणारी रेल्वे आहे. तथापि तिची पहिली गाडी सुटेपर्यंत सूर्य बराच वर आलेला असतो, आणि ज्याला एका दिवसांत धार संपवावयाची आहे त्याला तेवढा वेळ गमावणें परवडत नाहीं. म्हणून असे प्रवासी पहांटेच्या अंधारांत, हातांत दिवा घेऊन, रानांतून चढूं लागतात. मुळांनीं विणलेली ती वाट कष्टाची खरी, पण भयाची नव्हे. झाडें विरळ होतात, उजेड फांकतो, आणि उजव्या हातास प्रथमच तलाव दिसतो. हिमनद्यांनीं दगड दळून केलेलें बारीक पीठ नद्यांच्या पाण्याबरोबर या तलावांत येतें. त्यामुळें त्याचा रंग निळ्या-हिरव्याच्या मधला, कांहींसा दुधाळ असा असतो.

सकाळच्या प्रहरीं प्रवासी औग्स्टमाटहॉर्न या २,१३७ मीटर उंचीच्या शिखरावर येतो. येथवर हाबकेर्नच्या खोऱ्यांतून येणारी सोपी वाट असल्यानें इतर मंडळीही भेटतात. या भागांत शिकारीस बंदी आहे, आणि गवतांत निर्धास्तपणें चरणारे आयबेक्स अगदीं जवळून दिसतात. आयबेक्स ही रानबकऱ्यांची एक जात. नराचीं शिंगें मागें वळलेलीं आणि गांठाळ असतात. औषधी गुणांच्या खुळ्या समजुतीनें या प्राण्याची एवढी हत्या झाली कीं एकोणिसाव्या शतकांत तो स्वित्झर्लंडांतून नाहींसा झाला. इटलींतील ग्रान पाराडिसोच्या डोंगरांत थोडेसे आयबेक्स उरले होते. राजा व्हिक्टर इमॅन्युएल दुसरा यानें १८५६ मध्यें तें रान स्वतःच्या शिकारीसाठीं राखून ठेविलें, आणि त्यामुळेंच ते वांचले. स्विस लोकांना ते विकत मिळेनात. तेव्हां १९०६ मध्यें कांहीं पाडसें चोरून सीमेपार आणण्यांत आलीं. सेंट गालेनच्या उद्यानांत तीं वाढविलीं, आणि १९११ पासून त्यांची प्रजा पुन्हां डोंगरांत सोडण्यास आरंभ झाला. आज जे कळप दिसतात त्यांचें मूळ असें आहे. ज्या उतारावर माणूस हात टेकून उभा राहतो, त्यावर हे प्राणी धांवतांना पाहिले म्हणजे पुढच्या वाटेसाठीं खरोखर कशा पायांची गरज आहे हें कळून येतें.

कारण येथून पुढेंच खरी धार सुरू होते. सोपी वाट मागें राहते, माणसें विरळ होतात, आणि पायवाट कांहीं जागीं पाऊलभर रुंद उरते. उजवीकडे उतार थेट तलावाकडे जातो. पाणी जवळजवळ दीड हजार मीटर खालीं असतें. डावीकडचा उतार एमे नदीच्या खोऱ्याकडे झुकतो. पावसाचा एक थेंब उजवीकडे पडला तर तलावावाटे आरे नदीस मिळतो. वीतभर डावीकडे पडलेला दुसरा थेंब एमेच्या वाटेनें दूरवर फिरून झोलोथुर्नच्या खालच्या अंगास त्याच आरे नदींत येतो. पाण्याच्या थेंबास दोन्हीं वाटा सारख्याच. माणसास मात्र दोन्हींपैकीं एकही बाजू चुकून परवडणारी नाहीं.

या ठिकाणीं भय आहे तें गवताचें. खडकावर पाय सुटला तर हातास कांहीं धरावयास मिळण्याची आशा असते. बर्फावर माणूस घसरला तर हातांतील कुऱ्हाड रोंवून तो स्वतःला थोपवूं शकतो. तीव्र उताराच्या गवतावर यांपैकीं एकही उपाय चालत नाहीं. या डोंगरांत चुनखडीबरोबर मातकट थरही आहेत, आणि ओलावा मिळतांच ती माती निसरडी होते. लांब वाढलेलें गवत उताराच्या दिशेनें लवलेलें असतें. त्यावरून सुटलेलें शरीर अडविण्यास कांहींही नसतें. शिवाय गवताचें रूपच फसवें आहे. उघडा कडा पाहून माणूस आपोआप सावध होतो. हिरवा उतार पाहून त्याचें मन सैल पडतें. या धारेवर प्राणांतिक अपघात झालेले आहेत. म्हणूनच जाणते लोक येथें आदल्या दिवशींच्या पावसासही भितात. आकाश निरभ्र आहे, एवढें पुरत नाहीं. गवत वाळलेलें आहे काय, हा प्रश्न आधीं विचारावा लागतो. ओल्या दिवशीं ही वाट कितीही धीट माणसासाठीं नाहीं.

दुसरी अडचण पाण्याची. डोळ्यांपुढें दिवसभर एवढा मोठा तलाव असतो, पण धारेवर पिण्यास पाणी नसतें. तीन-चार लिटर पाणी पाठीवर वाहून न्यावें लागतें आणि जपून प्यावें लागतें. सावलीही नाहीं. दुपारपर्यंत ऊन, वजन आणि सततचें लक्ष यांनीं माणूस थकतो. त्यांतही लक्षाचा थकवा पायांच्या थकव्याहून लौकर येतो, आणि तो ज्याचा त्यालाच उशिरा कळतो.

अशा अवस्थेंत प्रवासी टानहॉर्नच्या अलीकडील खिंडीपाशीं येतो. टानहॉर्न हें २,२२१ मीटर उंचीचें शिखर असून त्याच्या आसपासची धार सर्वांत अरुंद आहे. कांहीं ठिकाणीं हातांचा आधार घेऊनच पुढें जावें लागतें. खिंडींतून मात्र तलावाकडील गांवांत उतरणारी वाट आहे. दिवसभराच्या प्रवासांतील खरा निर्णय याच जागीं घ्यावा लागतो. उन्हानें तापलेल्या दक्षिण उतारावरून दमट हवा वर चढते आणि आल्प्समध्यें उन्हाळ्याच्या दुपारीं ढग जमूं लागतात. सकाळीं कापसाच्या पुंजक्यासारखा दिसलेला ढग दोन-तीन तासांत वादळाचें रूप घेऊं शकतो, आणि उघड्या धारेवर विजेपासून लपण्यास जागा नसते. मग ओलें गवत आणि वीज हीं दोन्हीं संकटें एकदमच येतात.

येथें माणसाच्या मनाचे खेळ सुरू होतात. अर्ध्याहून अधिक वाट संपलेली असते. आतां परतणें म्हणजे केलेले कष्ट वायां घालविणें, असें मन सांगूं लागतें. शिखर समोर दिसत असतें. बरोबरचा सोबती गप्प असतो, कारण परतण्याची गोष्ट प्रथम कोणी काढावी, हा संकोच दोघांनाही असतो. त्यांत आणखी घड्याळाची घाई. रोटहॉर्नहून खालीं नेणारी शेवटची गाडी संध्याकाळीं सुटते, आणि ती चुकली तर दिवसभराच्या थकव्यावर सतराशे मीटरांची उतरण पायीं करावी लागते. आरामासाठीं बांधलेली रेल्वे अशा रीतीनें प्रवाशाच्या पाठीवर चाबूक होऊन बसते. पाऊलभर रुंद वाटेवर घाईनें टाकलेलें पाऊल म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. म्हणून सुज्ञ प्रवासी घरून निघतांनाच वेळ ठरवून ठेवितात. अमुक वाजेपर्यंत खिंड गांठली नाहीं, किंवा पश्चिमेस ढग चढले, तर वाद न घालतां उतरावयाचें. हा निश्चय सकाळीं, ताज्या डोक्यानें केलेला असतो, एवढ्यासाठींच तो दुपारीं उपयोगी पडतो.

त्या रेल्वेविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. ब्रिएंझ गांवाहून निघणारी ही दांतेरी रुळांची रेल्वे १८९२ मध्यें सुरू झाली. साडेसात किलोमीटरांहून थोड्या अधिक अंतरांत ती १,६७८ मीटर चढते. पहिलें महायुद्ध सुरू झालें तेव्हां, १९१४ मध्यें, ती बंद पडली आणि १९३१ पर्यंत बंदच राहिली. मात्र वाफेचीं इंजिनें तिनें सोडलीं नाहींत. याच डोंगराच्या उतारांवरून येणारे ओढे ब्रिएंझ गांवावर अधूनमधून कोपतात. २००५ च्या ऑगस्टांत चिखल-दगडांच्या लोंढ्यानें तेथें दोघांचा बळी घेतला, आणि १२ ऑगस्ट २०२४ रोजीं आलेल्या पुरानें गांवाबरोबर रेल्वेचीही मोठी हानि केली. तेव्हां गाडी आहेच, असें गृहीत धरून कोणी या धारेस लागूं नये. निघण्यापूर्वीं चौकशी करावी.

हवा चांगली, गवत कोरडें आणि अंगांत शक्ति शिल्लक असेल, तर प्रवासी टानहॉर्न ओलांडतो. पुढें ब्रीफेनहॉर्नसारखीं आणखी शिखरें येतात. प्रत्येक वेळीं हें शेवटचें असें वाटतें आणि पलीकडे दुसरें उभें असतें. अखेरीस वाट रुंद होते, माणसांचे आवाज कानीं पडतात, आणि रोटहॉर्नचा माथा येतो.

बर्न, ल्युझर्न आणि ओब्वाल्डेन या तीन प्रांतांच्या सीमा या शिखरापाशीं एकत्र येतात, आणि ल्युझर्न प्रांतांतील हा सर्वोच्च बिंदु आहे. येथील देखाव्याची एवढी ख्याति कां, याचें कारण जागेच्या रचनेंत आहे. ही रांग आल्प्सच्या मुख्य शिखरांपासून सुटी, पुढें येऊन उभी आहे, आणि मध्यें तलावाचा खोल खळगा आहे. त्यामुळें दृष्टीस अडथळा होत नाहीं. दक्षिणेस वीस ते तीस किलोमीटरांच्या पल्ल्यावर ३,९६७ मीटरांचा आयगर, ४,११० मीटरांचा म्योंख आणि ४,१५८ मीटरांची युंगफ्राउ हीं शिखरें एका ओळींत उभीं असतात. त्यांच्या डावीकडे वेटरहॉर्न, श्रेकहॉर्न आणि त्या प्रदेशांतील सर्वांत उंच असें ४,२७४ मीटरांचें फिन्स्टरआरहॉर्न. पूर्वेस टिटलिस, उत्तरेस डोंगर हळूहळू उतरत जाऊन मैदानांत मिळतात.

शिखरावर गाडीनें आलेलीं कुटुंबें असतात, म्हातारीं माणसें असतात, कडेवरचीं मुलें असतात. तीं सर्व दक्षिणेकडे तोंड करून बर्फाचीं शिखरें पाहतात, आणि त्यांना मिळणारा आनंद कमी प्रतीचा आहे असें म्हणण्याचें कारण नाहीं. धारेवरून आलेला मनुष्यही तीं शिखरें पाहतो. पण थोड्याच वेळांत तो मागें वळतो आणि पश्चिमेकडे बघत उभा राहतो. उतरत्या उन्हांत ती धार एकामागून एक उंचवट्यांनीं दूर इंटरलाकेनपर्यंत गेलेली दिसते. सकाळचा औग्स्टमाटहॉर्न कोठें, दुपारची खिंड कोणती, हें तो बोटानें मोजतो.

त्याच वेळीं खिंडीवरून परतलेला एखादा प्रवासी खालीं तलावाच्या कांठीं, बोटींतून मुक्कामास परतत असतो. त्यालाही तीच धार दिसते, खालून दिसते एवढेंच. त्यानें आज शिखर पाहिलें नाहीं. पण दुपारीं पश्चिमेस चढलेले ढग पाहून त्यानें योग्य वेळीं पाऊल वळविलें. डोंगर कोठें जात नाहीं. गवत पुन्हां वाळेल, आणि परतून आलेल्या माणसास पुन्हां जातां येईल.