शाळेसाठी एक तास



पोराला शाळेत घातलं की आपलं काम संपलं, असं आम्हीही समजत होतो. रातपाळी, वर ओव्हरटाइम, वेळ कुठला? शाळा व्यवस्थापन समितीत आमचं नाव होतं. रजिस्टर मुलाच्या दप्तरातून घरी यायचं, न वाचताच सही व्हायची. एकदा मुलानेच विचारलं, "यात काय लिहिलंय?" आम्हांला सांगता येईना.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी, नगरपालिकेच्या शाळांत या समितीच्या तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. निम्मे सदस्य महिला हव्यात. वंचित घटकांतील पालकांनाही प्रमाणात जागा आहेत. अनुदान कुठं खर्च झालं, हे बघणं समितीचंच काम. खुर्ची आपली, अन् तीच रिकामी!

रामजी सुभेदारांना असला कायदा नव्हता. परळच्या चाळीतल्या एका खोलीत ते मध्यरात्रीनंतर भिवाला अभ्यासाला उठवत.

खिचडी कशी शिजते, मुलींच्या संडासाला कडी आहे का, हे बघायला तासभर पुरतो. रातपाळीवाल्यांनी सकाळी जावं, मायबहिणींनी दुपारी. पुढची सभा कधी, ते मुलांना विचारून ठेवा. आम्ही येतोच.