आतड्याचा अडथळा आणि शस्त्रक्रियेचा निर्णय



मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे काही रुग्ण आमच्याकडे प्रथम येतात तेच आतडे पूर्ण बंद झाल्यावर. पोट फुगलेले असते, शौच व वायू दोन्ही थांबलेले असतात. अशा वेळी घरी एरंडेल अथवा अन्य रेचक देणे घातक ठरते. आत दाब वाढून आतडे फुटू शकते. सलाईन, नाकातून नळी व सीटी स्कॅन झाल्यावर निर्णयास फारसा अवधी उरत नाही.

गाठ उजव्या बाजूस असल्यास रोगट भाग काढून आतड्याची टोके बहुधा त्याच वेळी जोडता येतात. डाव्या बाजूस प्रश्न बिकट होतो. तेथे गाठीच्या वरचे आतडे ताणलेले व मळाने भरलेले असते. जोड सुटल्यास मळ पोटात पसरून रुग्ण दगावू शकतो. म्हणून प्रकृती उत्तम असेल तरच लगेच जोड देतात. अन्यथा गाठ काढून आतड्याचे वरचे टोक पोटाच्या त्वचेवर आणतात. फ्रेंच शल्यविशारद आंरी हार्टमन यांनी १९२१ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरात आहे. अतिशय क्षीण रुग्णात आधी केवळ शौचमार्ग पोटावर काढून दाब उतरवतात. गाठ पुढे काढतात. आणखी एक मार्ग स्टेंटचा. धातूची ही जाळीदार नळी दुर्बिणीतून बसवल्यास अडथळा सुटतो व पूर्ण तयारीनिशी शस्त्रक्रिया करता येते. मात्र ती बसवताना आतड्यास छिद्र पडण्याचा धोका असल्याने अनुभवी हात हवेत.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “डॉक्टर, पिशवी लागणार का?” जोड देणे धोक्याचे असते तेव्हा ही पिशवीच प्राण वाचवते. पुष्कळांचा शौचमार्ग काही महिन्यांनी पूर्ववत करता येतो. काहींची, विशेषतः वृद्धांची, पिशवी कायम राहते. हे शस्त्रक्रियेपूर्वीच स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे.

देणगीदारांना एक विनंती. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच होतो, पिशव्यांचा दरमहा. आपले साहाय्य रुग्ण घरी गेल्यावरही त्याच्यासोबत राहावे.

शौचातून रक्त जाणे, शौचाच्या सवयीत बदल होणे, अकारण वजन घटणे ही लक्षणे मूळव्याध समजून कोणीही अंगावर काढू नयेत. वेळेवर तपासणी झाली, तर निर्णयाची ही घाईची घटका बहुतेकांवर येणारच नाही.