सायनस आणि एमआरआय



वरकुटे बुद्रुक काय किंवा खुर्द काय, नाकाचा पेशंट बारामतीला किंवा इंदापूरला दवाखान्यात आला की बसायच्या आधीच सांगतो, "डॉक्टर, सायनस झालाय. एकदाचा एमआरआय काढून टाकू." नाक चोंदलेलं, कपाळ जड, खाली वाकलं की ठणका. जीव वैतागतो, हे खरं. पण यातल्या बहुतेकांना एमआरआय लागत नाही. सर्दीतून आलेली सूज साधारण आठ-दहा दिवसांत उतरते. नाकाचं हाड वाकडं असेल, मांस वाढलं असेल आणि ऑपरेशन करायचं ठरलं, तर दुर्बिणीची तपासणी आणि सीटी स्कॅन सहसा पुरतो. हाडांच्या पातळ भिंती सीटीतच नीट दिसतात.

डोकेदुखीसाठी मेंदूचा एमआरआय होतो आणि रिपोर्टात 'सायनसमध्ये सूज' एवढी एक ओळ येते. घरचे हवालदिल होतात. अशी थोडी सूज काहीही तक्रार नसलेल्या माणसातही सर्रास दिसते. नुसत्या त्या ओळीवर औषध सुरू करू नका.

मग एमआरआय कशासाठी? 2021 चा उन्हाळा आठवा. कोरोनाची दुसरी लाट, आणि तिच्या मागोमाग म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार. साखर वाढलेली, स्टेरॉइड घेतलेली माणसं त्यात सापडली. कुणाचा डोळा गेला, कुणाचा वरचा जबडा काढावा लागला. मे महिन्यात हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला केंद्रानं राज्यांना सांगितलं, आणि आपल्या राज्यानं त्याचे उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतले.

ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते. सुरुवातीला सीटीत नुसती सूज दिसते, हाड शाबूत असतं. एमआरआयमध्ये शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. नाकाच्या आतल्या भिंतीवर मांसल वळ्या असतात, डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. रक्त पोचत असेल तर औषधानं त्या पांढऱ्या उजळतात. मेलेली वळी काळीच राहते. तो काळा डाग पाहिला की सर्जन सावध होतो. बुरशी डोळ्याच्या खोबणीत, मेंदूच्या आवरणापर्यंत गेली का, हेही त्यातच उत्तम कळतं. नाकात गाठ असेल, तर गाठ कुठं संपते आणि तिच्यामागं तुंबलेला शेंबूड कुठून सुरू होतो, ते एमआरआय वेगळं दाखवतो. ऑपरेशन किती मोठं करायचं, हे त्यावर ठरतं.

एमआरआयही फसवतो, बरं का. सायनसमध्ये बुरशीचा घट्ट गोळा असला तर तो काही चित्रांत हवेसारखा काळा दिसतो आणि सायनस रिकामं वाटतं. म्हणून पुष्कळदा दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून पाहावे लागतात.

एमआरआयच्या मशीनमध्ये प्रचंड ताकदीचं चुंबक असतं. पेसमेकर असेल, किंवा वेल्डिंग-ग्राइंडरचं काम करताना कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर आधी सांगा. गॅडोलिनियमचं औषध द्यायचं असतं, म्हणून किडनीचा त्रास असेल तर तोही सांगा.

आणि मधुमेह असलेल्यांनो, गाल बधिर झाला, नाकातून काळपट खपली आली, टाळूवर काळा डाग दिसला, दात हलू लागले, डोळा सुजला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला गाठा. दुर्बिणीतून काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली पाहिला की बुरशीचे धागे त्याच दिवशी दिसू शकतात आणि अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध सुरू करता येतं. एमआरआयचा नंबर उद्याचा असला, तरी डॉक्टरकडे आजच जा.